सात महिने वावर कोणाचं होतं?

पार्बताबाईचा प्रश्न साधा होता. "सहदेव, त्या सात महिन्यांत वावर कोणाचं होतं?"

मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. कायदा शिकलो तो कचेरीच्या ओट्यावर बसून, दुसऱ्यांच्या खटल्यांचे कागद वाचून. तरी अकोल्याचे दोन-तीन वकील मला पाहून रस्ता बदलत, आणि ते का बदलत हे त्यांनाच विचारा. असा मी, या प्रश्नापुढे बसलो तो बसलोच. आज इतक्या दिवसांनी लिहायला घेतलं तेही उत्तर सापडलं म्हणून नाही. बाई काय होती हे कुठेतरी लिहून ठेवावं, एवढंच.

कवठखेड हे तिचं गाव, अकोल्याहून चार कोसांवर, मोरणेच्या काठी. गावाबाहेर तीन एकर अकरा गुंठ्यांची फुलवाडी. ही जमीन तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे देवीदास फुलाऱ्याच्या पणज्याला इनाम मिळालेली. सारा माफ, आणि त्याबदली रोज सकाळी गावच्या देवीला फुलांची परडी, दर गुरुवारी टेकडीवरच्या दर्ग्याला फुलांची चादर. सनद एक आणि मालक दोन, एक देवी आणि एक पीर. चार पिढ्या दोघांपैकी कोणाची तक्रार नव्हती.

पार्बताबाई ठेंगणी, काळीसावळी, बोलायला फटकळ. फुलं खुडताना ती तोंडाला पदर बांधायची. आपला श्वास लागलेलं फूल देवाला कसं द्यायचं, म्हणून. मोगऱ्याच्या मळ्यात चाळीस वर्षं राबली, पण मोगऱ्याचा वास मुद्दाम घेतला नाही असं ती सांगे. "वास त्याईचा. आपल्याले चिखल पुरे." उरलेली फुलं अकोल्याच्या बाजारात जात, पण परडी आणि चादर भरल्याशिवाय एक पाकळी वाडीबाहेर जात नसे.

फुलवाडीला लागून महादेवरावांची संत्र्याची बाग. महादेवराव गावचे मोठे खातेदार. त्यांची विहीर दरसाल माघातच तळ दाखवी आणि पार्बताबाईच्या विहिरीवर वैशाखातही मोट चाले. मला विचाराल तर सगळ्या खटल्याचं मूळ त्या पाण्यात आहे. कागदावर मात्र पाण्याचा थेंबही सापडणार नाही. कागदावर होती गोबी.

झालं असं की देवीदासनं एका साली शेवंतीच्या सऱ्यांमधून फुलगोबी लावली. महादेवरावांनी अर्ज ठोकला: इनाम फुलांसाठी, इनामदार पिकवतो भाजी, अट मोडली. चौकशीला देवीदासला विचारलं तर तो शहाणा म्हणतो, "साहेब, गोबीचं बी फूलच असते." कचेरी हसली. हसली आणि इनाम रद्द झालं. एकोणीसशे पस्तीसच्या जेठ महिन्यात चावडीपुढे कोतवालानं डफ वाजवून दवंडी दिली: फुलवाडीचा नंबर सरकारजमा. पुढची व्यवस्था होईस्तोवर झाडं कोणी तोडू नयेत.

देवीदासनं तिसऱ्या दिवशी रेल्वे धरली, बडनेऱ्याला गाडी बदलली आणि अमरावतीच्या वरच्या कचेरीत अपील केलं. अर्ज मी लिहिला होता. चांगला लिहिला होता. सारा मुद्दा एका ओळीत: भाजी लावली असेल, पण देवीची परडी आणि पिराची चादर एक दिवस चुकली नाही, फुलं पोचली, अट पाळली. देवीदास परत आला आणि श्रावणात तापानं फणफणून चार दिवसांत गेला.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण घोटाळा इथेच आहे.

दवंडी झाली त्याच दिवसापासून पार्बताबाईनं देवीला आणि पिराला फूल देणं बंद केलं. रागानं नाही. मी विचारलं होतं तिला, "काकी, अपील चालू आहे, देत राहा ना."

"कोणाचं देऊ?"

"वाडीतलं."

"वाडी सरकारची झाली नं? मंग फूल बी सरकारचं. लोकाच्या वावरातलं फूल न पुसता देवाले वाह्यलं तर त्याचं काय पुण्य लागते रे? ते चोरीचं फूल. आमच्यात कोणी वाहत नाई."

"अन् पाणी? पाणी तर देता रोज."

"मंग? झाड काय दवंडी आयकते काय? त्याले तहान लागत नाई?"

म्हणजे बाई रोज मोट हाकत होती, निंदण करत होती, सरकारची झाडं जगवत होती, आणि फूल एक तोडत नव्हती. पोटासाठी दुसऱ्यांच्या वाडीत मजुरीला जाई. त्या साली दसऱ्याला कवठखेडच्या देवीला झेंडू बाजारातून आणावा लागला. गुरव नत्थुजी दारात येऊन बोंबलला, "माय, घटाले माळ नाई, अन् इथं झाडावर फुलं सडून राहिली!" तर ती म्हणाली, "सरकारले जाऊन सांग, माळ आणून दे म्हणून."

त्याच सुमारास, दिवाळीच्या तोंडावर, एक शिपाई फुलवाडीवर आला होता. हातात लिफाफा.

"देवीदास फुलारी हाय काय?"

"नाई."

"कवा येईन?"

"तो आता येत नाई, बापा. श्रावणात गेला."

शिपायानं टोपी काढली, लिफाफ्यावर काहीतरी लिहिलं, विहिरीचं पाणी प्याला, दोन पेरू खिशात टाकून गेला. त्या लिफाफ्यात काय होतं हे बाईनं विचारलं नाही. विचारावं कशाला? कागद आला की काहीतरी घेऊन जातो, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. कागदच परत गेला, बला टळली, असं तिला वाटलं. हे तिनं मला सांगितलंसुद्धा नाही.

लिफाफ्यात अमरावतीचा हुकूम होता. अपील मंजूर. इनाम पूर्ववत देवीदास फुलारी याच्याकडे कायम.

हुकूम मयत माणसाच्या नावे, म्हणून परत गेला आणि फायलीत बसला. मी दोनदा अमरावतीला जाऊन आलो होतो हुकुमाच्या आधी, दोन्ही वेळा "विचाराधीन" ऐकून परतलो. तिसऱ्यांदा गेलो तो वैशाखात, दुसऱ्याच कोणाच्या कामाला. सहज रजिस्टर पाहिलं आणि डोळेच फिरले. निकालाची तारीख आश्विनातली! मी तिथल्या कारकुनावर ओरडलो. त्यानं थंडपणे पाकिटावरचा शिपायाचा शेरा दाखवला. इसम मयत. शेरा खराच होता. नक्कल घेतली आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याहून सायकल मारत कवठखेड गाठलं.

नक्कल वाचून दाखवली तेव्हा पार्बताबाईनं पहिलं काय केलं असेल? रडली नाही, हसली नाही. बोटं मोडत बसली. "आश्विन सरला… कार्तिक, अघन, पूस, माघ, फागुन, चैत, वैशाख." सात बोटं. मग तो प्रश्न विचारला.

"म्हंजे वाडी माहीच होती?"

"हो काकी. कागदानं तुमचीच."

"अन् मी फूल नाई देल्लं."

"तुम्हाले माहीत नव्हतं."

"देवीले मालूम होतं नं," ती म्हणाली. आणि उठून परडी शोधायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजी गुरवाच्या ओट्यावर मोगऱ्याची परडी होती.

महादेवराव गप्प बसणारे नव्हते. आठच दिवसांत नवा अर्ज: इनाम आश्विनापासून चालू, इनामदारणीनं सात महिने सेवा केली नाही, अट मोडली, इनाम पुन्हा रद्द व्हावं. मी तो अर्ज वाचला आणि कपाळाला हात लावला. कारण माझंच वाक्य त्यांनी उलटं फिरवलं होतं. फुलं पोचली, अट पाळली, असं मी लिहिलं होतं. मग फुलं पोचली नाहीत तर?

मी पार्बताबाईला तीन दिवस पढवलं. "काकी, एवढंच म्हणायचं, फुलं पोचली. कशी पोचली, कोणी पोचवली, काही बोलायचं नाही."

"पन नाई पोचली नं."

"दर्ग्यात पोचली!"

ही गोष्ट मला दर्ग्याच्या मुजावरानं, ताहेरभाईनं सांगितली होती. त्याची बायको नईमा आणि पार्बताबाई यांचं जुनं सख्य. कार्तिकात नईमा वाडीत आली तर शेवंती झाडावरच करपलेली. ती म्हणाली, "बाई, फूल नै तोडे तो झाड मर जाते ना! तुम नै तोडते तो मै तोडती." पार्बताबाई म्हणाली, "मी हो बी म्हणत नाई, नाई बी म्हणत नाई. मी तिकडं तोंड करून निंदते." आणि खरंच पाठ फिरवून बसली. नईमानं ओटीभर शेवंती नेली, चादर ओवली, पिराला घातली. पुढे दर गुरुवारी हाच प्रकार. नईमा यायची, पार्बताबाई पाठ करायची. "आमच्या घरी असं कायी नै," नईमा मला म्हणाली, "अल्लाचं फूल, अल्लाले गेलं."

देवीच्या फुलांसाठी मात्र अशी पाठ फिरली नाही. नत्थुजी तोडायला येता तर बाई त्याच्याकडेही पाठ करती का? मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यानं पुसलं कुठी? तो बोंबलला नुसता."

ज्येष्ठात अकोल्याच्या कचेरीत साहेबांपुढे पेशी निघाली. महादेवरावांच्या बाजूनं वामनराव वकील, गळ्यात उपरणं, तोंडात विडा. आमच्या बाजूनं मी. वकील नव्हे, अर्जदारणीचा मुखत्यार. आधी नत्थुजी उभा राहिला आणि खरं बोलला: सात महिने परडी आली नाही. मग ताहेरभाई. त्याला साहेबांनी विचारलं.

"दर्ग्यात फुलं आली?"

"हर गुरुवारी, साहेब."

"कोणी आणली?"

"माझ्या बायकोनं."

"कुठून?"

"फुलवाडीतून."

वामनराव उठले. "म्हणजे मुजावराच्या बायकोनं सरकारी झाडांची चोरी केली, असं लिहून घ्यावं साहेब."

ताहेरभाईचा चेहरा लाल झाला. मी म्हणालो, "वकीलसाहेब, तुम्हीच अर्जात लिहिता की आश्विनापासून इनाम चालू होतं. मग झाडं सरकारी कुठून आली? एक काय ते ठरवा! चोरी म्हणायची तर जमीन बाईची नव्हती, आणि जमीन बाईची होती तर चोरी नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तेही जरा गोंधळले असावेत. मी मनात म्हटलं, जिंकलो. आणि त्यांनी पार्बताबाईला बोलावलं.

"बाई, त्या सात महिन्यांत तू देवीला फुलं दिली का?"

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाई देल्ली."

"पिराला?"

"मी नाई देल्ली. नईमानं नेली. मी पाठ करून होती."

"का दिली नाहीत?"

"तुमीच दवंडी देल्ली नं साहेब, वाडी सरकारची म्हणून. लोकाचं फूल देवाले कसं देऊ? आता मले येक सांगा. त्या सात महिन्यांत वावर कोणाचं होतं?"

साहेबांनी फाईल उघडली, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. "कायद्यानं तुझ्या नवऱ्याचं."

"तो तं मेला होता."

"मग… त्याच्या वारसाचं. तुझं."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

"सांगायला शिपाई आला होता."

"तो मले नाई सांगाले आलता. तो त्याईले सांगाले आलता." नवऱ्याचं नाव तोंडानं न घेता तिनं बोट आभाळाकडे केलं. "मेल्या माणसाले जमीन देता, अन् जित्या बाईनं फूल नाई देल्लं म्हणून काढून घेता. हे कसं काय जी?"

वामनराव हसले. नुसते हसले, पण मला ते हसणं सोसलं नाही. मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. त्यात त्यांच्या उपरण्याचा, विड्याचा आणि महादेवरावांच्या कोरड्या विहिरीचा उल्लेख होता एवढं खरं. शिपायानं मला दंड धरून बाहेर काढलं. पुढचं काम माझ्यावाचून झालं. ओट्यावर बसून मी स्वतःलाच शिव्या देत होतो. पार्बताबाई बाहेर आली, माझ्याशेजारी टेकली, कमरेची चंची काढून म्हणाली, "पान खा. तू तं माह्यापेक्षा बी खरं बोलला."

"काकी, तुम्ही एक शब्द खोटा बोलल्या असत्या तर…"

"मंग फूल कोणत्या तोंडानं देल्लं असतं?"

मी पान तोंडात टाकलं. मला अजूनही वाटतं की ती चुकली. आणि लगेच वाटतं, मी कोण ठरवणारा?

श्रावणात हुकूम झाला. मंगळवारी मला अकोल्यात नक्कल मिळाली. ती मी उभ्यानं तीनदा वाचली. दर्ग्याची सेवा अखंड झाली, सबब त्या सेवेपुरती निम्मी जमीन, विहिरीसह, पूर्वेकडची, कायम. देवीची सेवा खंडित झाली, सबब पश्चिमेकडची निम्मी जमीन आजपासून सरकारजमा. खाली सही, सोमवारची तारीख. शुक्रवारी चावडीवर दवंडी.

माझं डोकं चालेना. ज्या फुलांबद्दल बाई "मी दिली नाहीत" म्हणाली, त्यांनी निम्मी वाडी वाचवली. आणि विहीर वाचली! पश्चिमेची बाजू महादेवरावांनी उद्या सरकारकडून मिळवलीच, तरी पाण्याविना मिळणार. पण पश्चिमेलाच सगळी शेवंती होती, गुलछडीचे कांदे होते, मोगऱ्याची जुनी झाडं होती. पूर्वेला निव्वळ झेंडू आणि गोबीची मोकळी जागा.

बुधवारी सकाळी मी फुलवाडीच्या फाटकात सायकल टेकवली आणि खिशातून कागद काढला. पार्बताबाई बांधावर उभी होती. कागद पाहताच तिनं हात वर केला.

"थांब. वाचू नको."

"काकी, हुकूम…"

"मी पुसलं काय तुले? थोबाडाकडं पाहून समजली मी, चांगलं नाई ते. येवढंच सांग, दवंडी झाली काय?"

"नाही. शुक्रवारी."

ती बांधावर बसली. पायाच्या अंगठ्यानं चिखल टोकरत राहिली. मग हळूहळू म्हणाली, "मांगच्या टायमाले वावर माहं होतं, अन् मले मालूम नोतं. म्हणून मी येक फूल तोडलं नाई. बराबर?"

"बरोबर."

"आता समज वावर माहं नसन. पन मले मालूम नाई. मंग?"

मी कागद परत खिशात घातला. कायद्यानं काय उत्तर द्यायचं? सोमवारपासून तिची मालकी गेली होती. पण आश्विनात मालकी आली होती ती तरी तिला कुठे मिळाली होती?

"तू आला नाईस असं समज," ती म्हणाली. "बस तिकडं निंबाखाली. अन् कोणी पुसलं तरी बोलू नको. जमन काय तुले?"

तिनं नईमाला हाक मारली. ताहेरभाई कुदळ घेऊन आला. पश्चिमेची शेवंती गड्ड्यासकट उपटायची, मुळांना चिखल लावायचा, टोपल्यात घालून पूर्वेला नेऊन लावायची. रान ओलं होतं, माती लोण्यासारखी. गुलछडीचे कांदे पोत्यात भरले. मोगऱ्याची चाळीस वर्षांची झाडं तिघांनी चारी बाजूंनी खणून, मुळांना तरट गुंडाळून ओढत नेली. नईमा हसत होती, "बाई, आज पाठ कोण करंगा?" पार्बताबाई म्हणाली, "तो बसला नं निंबाखाली."

दुपारी महादेवरावांची दमणी, दोन बैलांची हलकी गाडी, वाटेवर थांबली.

"काय करून राहिली वं पार्बते?"

"निंदण."

"निंदण? झाडं उपटून?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "काय हो पुढारी, हुकूम झाला म्हणतात. नक्कल भेटली काय?"

आयुष्यात मी पोलिसापुढे गप्प बसलो नाही, साहेबापुढे नाही. त्या दिवशी खिशातला कागद मांडीखाली सरकवून म्हणालो, "कोणता हुकूम?"

महादेवराव माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. पण दवंडी झाली नव्हती आणि तोवर पटवारी काही करणार नव्हता. दमणी पुढे गेली.

शुक्रवारी डफ वाजला. चावडीपुढे पार्बताबाई धुतलेलं लुगडं नेसून उभी होती. कोतवालानं हुकूम सांगितला. तिनं पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला, पदर नीट केला आणि घरी गेली. साखळी घेऊन मोजणीला आलेल्या माणसाला पश्चिमेला ओली उकरलेली माती सापडली.

जागा बदललेल्या मोगऱ्यातली निम्मी झाडं मेली. शेवंती जगली. कार्तिकात तिची पहिली परडी देवीला गेली. पिराच्या जमिनीवर उगवलेली. हे सनदेत बसतं की नाही, म्हणून मी तिला सावध करायला गेलो होतो. ती तोंडाला पदर बांधून फुलं खुडत होती. पदराआडूनच म्हणाली, "पिराले पुसलं मी. तो काई बोलला नाई." मग मान वर करून, "सहदेव, त्या बुधवारी वावर कोणाचं होतं रे?"

मी म्हणालो, "काकी, मी तर तिथं नव्हतोच."